मल्हारपेठचा थांबा

पाटणहून कराडला जाणाऱ्या सकाळच्या गाडीवर मी कंडक्टर होते तेव्हा मल्हारपेठला डबल बेल द्यायला माझा नेहमी थोडा उशीर व्हायचा. आमचे ड्रायव्हर, आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणायचो, गिअरवर हात ठेवून आरशातून माझ्याकडे बघायचे. मी मान खाली घालून वेबिल भरत असल्याचं सोंग करायचे. तेवढ्यात एक मुलगी पांढरा कोट हातावर टाकून, डबा काखेत मारून, अर्ध्या वेणीनं पळत यायची आणि चढता चढता म्हणायची, “थँक्यू ताई.” मग मी दोरी दोनदा ओढायचे.

तिचं नाव इथे लिहीत नाही. लिहायचं तर तिला विचारायला हवं, आणि तिचा आत्ताचा नंबर माझ्याकडे नाही. 2016 नंतर मी तिला पाहिलेलंही नाही.

मी 2004 साली एसटीत लागले, 2007 साली मुलगा झाला. त्याला मी डाव्या कडेवर घ्यायचे. कडेवर मूल कसं घ्यायचं हे कुणी बाईला शिकवत नाही. कंबर आपोआप एका अंगाला निघते, तिथे ओटा तयार होतो आणि मूल त्यावर बसतं. लग्नाआधी त्याच ओट्यावर पाण्याची कळशी बसायची. म्हणजे घरी डावी बाजू कामाला. गाडीत उजवी. कंडक्टरला दोन्ही हात मोकळे लागतात, एका हातात पैसे, दुसऱ्या हातात तिकीट. गाडी वळणावर झुकली तरी पडायचं नसेल तर तिसरा पाय हवा. माझा तिसरा पाय म्हणजे उजवा कुल्ला. तो सीटच्या दांडीला टेकवायचा, पाय फाकवायचे आणि “बोला, कुठं?” म्हणायचं. पाटण-चिपळूणच्या फेरीला कुंभार्ली घाटात तर त्या टेकण्यावरच सगळा तोल असायचा. चामड्याची पैशांची पिशवी त्याच खांद्याला. गाडीला मी बोल लावत नाही. त्याच गाडीनं माझं घर चालवलंय.

मुलगा सहा महिन्यांचा झाला आणि दुखायला लागलं. कमरेच्या खाली पाठीला दोन खळ्या असतात ना, त्यातल्या उजव्या खळीत. एका बोटानं दाखवता येईल इतकी नेमकी जागा. कूस बदलताना तिथे कुणीतरी खिळा ठोकल्यासारखं व्हायचं. गाडीची पहिली पायरी उंच असते, ती चढताना मी दांडा धरून अंग वर ओढायचे आणि मागची माणसं म्हणायची, “मॅडम, सावकाश.” मॅडमचं वय एकोणतीस.

सुरुवातीला सगळे म्हणाले, उसण भरली. उसणीवर आमच्याकडे उपाय ठरलेला आहे. माझी आत्या पायाळू. जन्मताना पाय आधी बाहेर आलेली म्हणून पंचक्रोशीत तिच्या पायाला मान. पावसात वीज कडाडली की तिला कुणी अंगणात जाऊ द्यायचं नाही, आणि कुणाची पाठ धरली की तिला बोलावणं यायचं. मला पालथं झोपवून तिनं भेगाळलेली टाच तीनदा कमरेला लावली आणि काहीतरी पुटपुटली. सत्तरीची बाई, एका पायावर उभी, भिंतीला हात धरून. तिचीच कंबर मोडेल म्हणून मला जास्त भीती. दोन दिवस बरं वाटलं. तिचं देणंही माझ्यावर आहेच. ती दर महिन्याला आपणहून यायची, आणि चहाशिवाय काही घ्यायची नाही.

मग एक डॉक्टर झाले. त्यांनी एक्स-रे उजेडाला धरला, “काही नाही” म्हणाले, गोळ्या आणि पट्टा लिहून दिला. काही नाही तर पट्टा कशाला, हे विचारायचं मला सुचलं नाही. खाकीच्या आत पट्टा आवळून मी सहा वर्षं काढली. उन्हाळ्यात त्याखाली घामोळ्यांचा दुसरा पट्टा उठायचा.

त्याच वर्षांत हाडवैद्यही झाले. त्यांचं गाव आणि नाव सोडून देते, माणूस मनानं वाईट नव्हता. त्यांनी मला उताणं झोपवलं, दोन्ही टाचा जुळवल्या आणि नवऱ्याला बोलावून दाखवलं, “बघा, डावा पाय अर्धा इंच आखूड. कमरेचं हाड सरकलंय.” मग पाय मुडपून एक हिसका दिला. कडक असा आवाज झाला. “बसलं.” मी उठले तर खरंच हलकं वाटत होतं. पंधरा दिवसांनी पुन्हा दुखलं. “पुन्हा सरकलं.” दर खेपेला तीनशे रुपये. पैशांचं एवढं काही नाही. त्यांनी दिलेला शब्द मात्र महागात पडला.

आमच्या भागात ‘सरकणं’ हा शब्द साधा नाही. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा माझी आई नऊ वर्षांची होती. हेळवाकजवळ त्यांचं घर. ते पडलं नाही, पण मधली भिंत सरकली. आई अजून सांगते, “पडली असती तर परवडलं असतं. सरकलेल्या भितीखाली झोप लागत न्हाई.” भिंतीला आजोबांनी वासे लावले आणि पुढची कित्येक वर्षं त्या भिंतीला कुणी खिळा मारला नाही, टेकून बसलं नाही, पोरांनी चेंडू आपटला नाही. माझी कंबर सरकली म्हटल्यावर मी तिच्याशी तसंच वागायला लागले. वाकायचं नाही. उचलायचं नाही. खाली बसायचं नाही. मुलगा हात पसरून आला की मी म्हणायचे, “आईचं हाड सरकलंय.” चार वर्षांचा असताना तो शाळेत सांगून आला होता, माझी आई तुटलीय.

2014 च्या पावसाळ्यात ती मुलगी गाडीला यायला लागली. कराडला फिजिओथेरपीच्या कॉलेजात होती, साडेचार वर्षांचा तो कोर्स, तिचं तिसरं वर्ष चालू. पास काढलेला. पासवाल्या पोरांशी कंडक्टरचं नातं कोरडं असतं. पास बघायचा, पुढे सरकायचं. (पुन्हा तोच शब्द!) ती मागच्या दारापासून दुसऱ्या सीटवर बसायची आणि खिडकीबाहेर न बघता माझ्याकडे बघायची. मला राग यायचा. एक दिवस निसऱ्याच्या पुढे गाडी जरा मोकळी झाली तेव्हा म्हणाली,

“ताई, तुम्ही नेहमी उजवीकडंच का टेकता?”

“टेकायला दांडी तिथंच असते.”

“डावीकडंपण सीटा आहेत की.”

दहा वर्षं त्या गाडीत उभी होते. डावीकडेही सीटा असतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मी तिला सगळं सांगितलं, हाड सरकल्याचंही. वाटलं होतं, पोर लगेच काहीतरी व्यायाम सांगून टाकेल. ती म्हणाली, “मी अजून शिकतेय ताई. मी सांगणं बरोबर नाही. तुम्ही आमच्या ओपीडीला या, सर बघतील.” इतक्या जणांनी माझी कंबर पाहिली होती, पण मला अजून येत नाही असं म्हणणारं माणूस पहिल्यांदा भेटलं.

सुट्टीच्या दिवशी गेले. सरांनी आधी भलतेच प्रश्न विचारले. लघवीवर ताबा आहे ना? बैठकीच्या जागी बधिरपणा? पायातली ताकद गेल्यासारखी वाटते? मी लाजेनं अर्धी झाले. दिवसभर पाणी बेतानं पिऊन ड्युटी करणारी बाई मी, ताबा विचारतात! नंतर त्या मुलीनं समजावलं, यातलं एक जरी ‘हो’ असतं तर सरांनी व्यायामाचं नावसुद्धा काढलं नसतं, त्याच पायी मोठ्या दवाखान्यात धाडलं असतं. मग म्हणाले, एका बोटानं दाखवा. दाखवलं. त्यांनी मांडी दाबून, कुशीवर झोपवून दाबून, पाय आडवा टाकून पाहिलं. दोनदा मी ओरडले. ते खूश झाल्यासारखे दिसले.

भिंतीजवळ हाडांचा सांगाडा टांगलेला होता. त्याच्या कमरेच्या हाडांची कड धरून सर बोलले ते मला जसंच्या तसं नाही, पण बरंचसं आठवतं. दोन्ही कुल्ल्यांची हाडं आणि मध्ये माकडहाडाच्या वरचं ते त्रिकोणी हाड, यांच्यामध्ये दोन सांधे. उभं राहिलं की वरचं सगळं वजन यातूनच पायात उतरतं. म्हणून त्यांना बांधणारे दोर अंगातल्या सगळ्यात दणकट दोरांपैकी. सांधा हलतो, पण किती? एखाद-दोन मिलिमीटर, दोन-चार अंश. गरोदरपणात हे दोर थोडे सैल पडतात, बाळाला वाट मिळावी म्हणून. नंतर ते आवळतात, पण भोवतीच्या स्नायूंना कुणी काम दिलं नाही आणि एकाच बाजूला रोज भार टाकला तर सांधा कुरकुरतो. “कुरकुरतो,” सर म्हणाले, “सरकत नाही. तो हातानं सरकवायचा म्हटला तरी माझ्याच्यानं सरकणार नाही.”

“आणि माझा पाय आखूड आहे तो?”

त्यांनी स्वतःची पँट दाखवली. एका पायाची शिवण दुसऱ्यापेक्षा जरा वर घेतलेली. “माझाही आहे. थोडासा फरक बहुतेकांचा असतो.”

मला आनंद व्हायला हवा होता. खरं सांगते, राग आला. इतकी वर्षं ज्या हाडाला मी जपलं, ते सरकलंच नव्हतं म्हणजे मी इतकी वर्षं काय ढोंग करत होते? दुसऱ्या दिवशी गाडीत मी त्या मुलीशी बोलले नाही. तिला कळलं असावं. निसऱ्याच्या पुढे तिनं मोबाईल काढून कसलासा इंग्रजी कागद दाखवला. 1998 साली छापलेला स्वीडनमधला अभ्यास. तिथल्या डॉक्टरांनी मोजक्या रुग्णांच्या हाडांत धातूचे बारीक मणी बसवले, आणि सांधा हातानं ‘बसवण्या’आधी व बसवल्यानंतर मण्यांच्या जागा एक्स-रेवर मोजल्या. तपासणाऱ्यांच्या हाताला सांधा बसल्यासारखा वाटला. मणी मात्र जिथे होते तिथेच.

“मग तो कडक आवाज कसला?”

“बोटं मोडल्यावर होतो तोच. सांध्यातल्या पाण्यात हवेचा बुडबुडा.” मग आवाज खाली आणून म्हणाली, “दुखणं खरंय ताई. ते ढोंग नाही. फक्त त्याचं नाव चुकीचं ठेवलेलं.”

हे ती वीस-एकवीस वर्षांची पोरगी बोलली, डबा मांडीवर घेऊन. मी पुढच्या माणसाला सुपन्याऐवजी निसऱ्याचं तिकीट फाडलं.

व्यायाम चारच होते. उताणं झोपून गुडघे उभे करून कंबर उचलायची आणि वरच धरायची. कुशीवर झोपून टाचा जुळवून वरचा गुडघा उघडायचा. त्याचं इंग्रजी नाव शिंपल्यावरून आहे म्हणे, आमच्या घरी त्याला शिंपलीच म्हणतात. गाईसारखं चार पायांवर होऊन उजवा हात पुढे, डावा पाय मागे, मग उलट. आणि कोपर व गुडघ्यावर आडवं अंग तोलायचं. शिवाय रोज चालायचं. पलंग आणि गॅसची टाकी यांच्यामध्ये वाकळ अंथरली की माझी तालीम तयार. सासूबाई देवपूजा करता करता बघायच्या. “हे असलं तर आम्ही शेणानं घर सारवताना करत होतो,” एक दिवस म्हणाल्या, आणि ते चुकीचं नव्हतं.

पहिल्या आठवड्यात कंबर चार बोटं उचलली तरी मांड्या लटपटायच्या. सातव्या आकड्याला मी सोडून द्यायचे. आकडे मला जमत नाहीत असं नाही, दिवसाचा हिशेब मी एक रुपया न चुकता भरते, पण एक दोन तीन म्हणत हवेत लटकून राहणं फार एकटं वाटायचं. म्हणून मी थांबे म्हणायला लागले. पाटण. नवारस्ता. मल्हारपेठ. निसरे. सुपने. विजयनगर. वारुंजी. कराड आलं की कंबर खाली. एका थांब्याला एक श्वास. असे दहा वेळा कराडला जाऊन यायचं.

माझं खरं देणं या व्यायामांचं नाही. ते कागदावर छापून मिळतात. देणं आहे त्या मुलीच्या एका प्रश्नाचं. पुढची दोन वर्षं, सुट्ट्या सोडून रोज, मल्हारपेठला चढल्यावर ‘थँक्यू ताई’च्या पाठोपाठ ती विचारायची, “किती?” मी म्हणायचे, “दहा.” ती जाऊन बसायची. एवढंच. कधी ‘आठ’ म्हटलं तर आठच, ‘का’ म्हणून नाही.

मी खोटंही बोलायचे. भाऊबीजेच्या गर्दीत चार दिवस काही केलं नाही आणि रोज ‘दहा’ सांगितलं. पाचव्या दिवशी ती उतरताना म्हणाली, “ताई, आज तुम्ही परत उजवीकडं टेकलाय. दहा नाही झाले.” तेव्हापासून मी जाताना उजवी बाजू, येताना डावी, असा नेम केला आणि पिशवीचा खांदाही तसाच बदलला. तात्यांना वाटलं मी एखादं व्रत धरलंय. पट्टा तिनं एकदम काढायला लावला नाही. आधी मल्हारपेठ ते कराड, एवढाच टप्पा बिनपट्ट्याचा. मी पट्टा सोडून पिशवीत कोंबायचे आणि एखाद्या मुलाचं बोट सोडल्यासारखं वाटायचं.

एकदा मोठी चमक आली. 2015 चा उन्हाळा. खाली वाकून कुणाचं तरी गाठोडं ओढलं आणि जागच्या जागी गोठले. सगळं शिकलेलं विसरून मी दुसऱ्या दिवशी गुपचूप हाडवैद्यांकडे गेले. कडक. तीनशे. दोन दिवस बरं. आठवड्यानं त्या मुलीला सांगितलं, चोरी कबूल करावी तसं. मला वाटलं ती चिडेल.

“बरं वाटलं का?”

“दोन दिवस.”

“मग त्या दोन दिवसांत व्यायाम करून घ्यायचा होता.” आणि हसली. आत्याच्या पायाबद्दल सांगितलं तेव्हा मात्र ती हसली नव्हती. म्हणाली होती, आत्या येतात तेव्हा तुम्ही पालथ्या पडून दहा मिनिटं गप्प राहता, एरवी कधी राहता?

दुखणं गेलं असं मी लिहिणार नाही. वर्षातून तीन-चारदा उजव्या खळीत अजूनही खिळा बसतो, मुक्काम करतो, जातो. 2023 च्या मार्चमध्ये बायकांना निम्मं तिकीट झालं तेव्हापासून गाडीत टेकायला दांडीच सापडत नाही, सगळीकडे माझ्याच जातीची माणसं. पण मी खाली बसते, वाकते, सिलिंडर ढकलते. मुलगा आता माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे. कडेवर घ्यायची ती वर्षं मात्र ‘आईचं हाड सरकलंय’मध्ये गेली, ती काही कुठल्या व्यायामानं परत येत नाहीत. त्याबद्दल मला अजून राग आहे आणि तो कुणावर काढावा हे ठरत नाही.

तिचा शेवटचा दिवस मला नीट आठवतही नाही, याचं वाईट वाटतं. 2016, इंटर्नशिप संपत आलेली. कराड स्टँडात गाडी लागली होती आणि एक गृहस्थ सुट्ट्या पैशांवरून माझ्याशी भांडत होते. सुट्टे नसले की आम्ही तिकिटाच्या मागे उरलेले पैसे लिहून देतो आणि उतरताना माणसानं ते मागून घ्यायचे. यांच्या तिकिटाच्या मागे मी सोळा लिहिले होते, ते एकसष्ट वाचत होते. त्या गडबडीत ती पायरीवरून म्हणाली, “उद्यापासून नाही हं ताई.” मी हात वर केला, “हो हो,” म्हटलं आणि सोळा रुपये मोजायला लागले. मान वर केली तोवर ती स्टँडाच्या गर्दीत गेली होती. नंतर पुण्याला गेली असं ऐकलं, मग आणखी लांब कुठेतरी. माझा मोबाईल एका पावसाळ्यात भिजला, त्यात तिचा नंबर गेला. बाकीच्या माणसांना मी तिकिटाच्या मागे लिहून तरी देते. पासवाल्याला तिकीटच नसतं.

पहाटे साडेचारला उठते. वाकळ अंथरते, गुडघे उभे करते, कंबर उचलते. पाटण. नवारस्ता. बाकीच्या थांब्यांना एकेक श्वास. मल्हारपेठला मात्र मांड्या थरथरायला लागल्या तरी डबल बेल द्यायला अजूनही थोडा उशीर होतो.